गुरुवार कोणत्या वर्षीचा

५ फेब्रुवारी

अक्का,

नमस्कार. हे फोनवर बोलायचं म्हणून तीनदा फोन लावला आणि तीनदा नुसतं "सगळं ठीक ना, ठीक ना" करून ठेवून दिला. आमच्या दोन खोल्यांत फोनवरचं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं, आणि हे सगळ्यांनी ऐकायचं नाही. म्हणून लिहितो.

आपल्या धाकट्याला घर सोडून एकोणीस जानेवारीला सात वर्षं पूर्ण झाली. सकाळी डबा घेऊन लाकडाच्या वखारीत कामाला म्हणून निघाला, तो वखारीत पोचलाच नाही. तुला हे सांगायला नको. पण वकिलांनी परवा माझ्याकडून हे वाक्य इतक्या वेळा म्हणवून घेतलं की आता हात आपोआप तेच लिहितो.

वकील म्हणाले, ज्याची सात वर्षं कुणालाच खबर नाही, त्याला कायदा मेलेला समजतो. मात्र ज्यांना त्याची खबर लागली असती अशा जवळच्या माणसांनी शपथेवर तसं लिहून द्यावं लागतं. अशी माणसं तीन. त्याची बायको, मी आणि तू. आई असती तर चार झाली असती.

तू म्हणशील, आत्ताच का. त्याची बायको, आपली धाकटी, दवाखान्यात केसपेपर लिहायला जाते. तिथला कंपाउंडर गेल्या महिन्यात आमच्या चष्म्याच्या दुकानात आला. बायको जाऊन चार वर्षं झालेला, मूलबाळ नसलेला, माझ्याहूनही कमी बोलणारा माणूस. नंबर काढून झाला, फ्रेम निवडून झाली, मी काच घासायला बसलो तरी हा उठेना. तासाभराने म्हणाला, "तुमच्या घरच्या बाईंना मी विचारलंय. त्या म्हणाल्या, दादांना विचारा." मी मशीन बंद केलं. मग त्याने माझ्याकडे पाणी मागितलं.

घरी येऊन मी धाकटीला विचारलं, "तुझ्या मनात काय आहे?" ती भांडी पुसत होती. म्हणाली, "मनात काही नाही, दादा. पण नाही म्हणवलं नाही."

ती अठ्ठावीस वर्षांची होती तेव्हा तो गेला. आता पस्तीसची आहे. कंपाउंडरची बदली झालीय, तीस एप्रिलला निघायचंय. तिथे सरकारी खोली मिळते, पण लग्नाची नोंद दाखवली तरच दोघांना राहता येतं. म्हणून घाई.

सोबत कागद पाठवतोय. तिकडच्या नोटरीसमोर सही करून पाठवून दे. देवाला मी विचारलं. तो काही बोलला नाही, तेव्हा त्याची हरकत नसावी.

तुझा,
नाना


१८ फेब्रुवारी

नाना,

आशीर्वाद. पत्र येऊन आठ दिवस झाले, रोज उशीखालून काढून वाचते.

सात वर्षं? अरे, मी बोटांवर मोजली, माझी पाच भरतात. मग तुझं पत्र बघितलं आणि पुन्हा मोजली, तर साडेपाच. आपल्या घरात तारखा कधी कुणी लिहून ठेवल्या? आईला माझा जन्म विचारला तर म्हणायची, "मागच्या दारचं झाड पडलं त्या साली." तुझा जन्म झाडाच्या नंतरचा, धाकट्याचा विहिरीला पाणी लागलं तेव्हाचा. शाळेत नाव घालताना मास्तरांनी आपल्या तिघांच्या तारखा मनानेच टाकल्या. आणि आता तू मला वकिलासारखा एकोणीस जानेवारी लिहितोस. मला मेलीला फक्त एवढं आठवतं की त्या दिवशी मी गादी उन्हात टाकली होती आणि तुझा फोन आल्यावर ती तशीच राहिली.

सहीचं बघते. नोटरी इथून दोन तासांवर आहे. यांची पाण्याच्या पंपावर दिवसपाळी चालू आहे, आणि माझ्या गुडघ्यांचं तुला माहीतच आहे, बसची पायरी म्हणजे मला डोंगर.

आणि नाना, मेलेला समजायचं म्हणजे काय रे? मी त्याची बहीण आहे. धाकटीचं भलं होऊ नये असं मी कशाला म्हणेन? सोन्यासारखी पोर. आईचं सगळं तिने केलं. पण दुसरा मार्ग नाही का काही? वकिलाला नीट विचार. तू लहानपणापासून असाच. खेळात बाद झालास की कुणी बघितलं नसलं तरी आपणच सांगत सुटायचास, आणि मग सगळा डाव मोडायचा.

हे म्हणतात, तुझ्या दुकानातून जवळचा चष्मा हवा. परवापर्यंत पेपर वाचता येत होता म्हणे.

अक्का


२८ फेब्रुवारी

अक्का,

नमस्कार. भावोजींचा नंबर काढून पाठव, काच मी स्वतः घासतो. आमच्याकडे चाळिशीनंतर येणारा प्रत्येक माणूस हेच म्हणतो, परवापर्यंत दिसत होतं. विचारत गेलं की कळतं, दोन-तीन वर्षं पेपर हातभर लांब धरत होता. जे हळूहळू होतं त्याला माणसाच्या आठवणीत जागा मिळत नाही.

तुझी पाच वर्षं आणि माझी सात, यात तुझं चुकलं असं मी म्हणणार नाही. तो गेल्यानंतरचा पहिला महिना मला तासागणिक पाठ आहे. नदीवर तीन दिवस गळ टाकले, त्यातल्या दुसऱ्या दिवशी गळाला एक गोणपाट लागलं, तेव्हा माझ्या शेजारच्या माणसाने बिडी विझवली, हेही आठवतं. तो एक महिना मला सात वर्षांएवढा वाटतो आणि पुढची सगळी वर्षं मिळून एका महिन्याएवढी. सकाळी देवापुढे बसायचं, दुकान, संध्याकाळी दारातल्या चपलांकडे नजर टाकायची, जेवायचं. असे दिवस मोजायला गेलं तर हाताला काही लागत नाही.

दुसरा मार्ग विचारला. नवरा टाकून गेला असा दावा लावता येतो, पण त्याला नवऱ्याचा पत्ता लागतो, नोटिसा काढाव्या लागतात. वकील म्हणाले, त्यात तीन-चार वर्षं सहज जातील.

तू आईची आठवण काढलीस म्हणून सांगतो. शेवटच्या महिन्यात आई धाकटीला सारखी म्हणायची, "तू जा गं. या घरात तुझं काय ठेवलंय?" ती बिचारी आईचे कपडे बदलून, केस विंचरून वर हे ऐकून घ्यायची आणि न्हाणीघरात जाऊन रडायची. मी तिची समजूत घालायचो, म्हातारपणी जीभ कडू होते, मनावर घेऊ नको. आणि चार वर्षं रोज विचारणारी आई शेवटी धाकट्याचं नावच काढेनाशी झाली. मला वाटलं, विसरली, सुटली बिचारी.

अक्का, कागद पाठव. मार्च उद्या लागतो. गुडघे दुखत असतील तर मी येतो तुला न्यायला.

नाना


२२ मार्च

नाना,

आज आशीर्वाद लिहायचा धीर होत नाही.

सही केली आहे. कागद याच पाकिटात आहे, नोटरीचा शिक्का आहे. सात वर्षांत मला धाकट्याची काही खबर नाही असं त्यावर लिहिलंय. ते खोटं आहे.

तो इथे आला होता.

दुपार होती. गुरुवार होता, कारण पंपाचं पाणी तपासायला नेणारा माणूस गुरुवारी बाटल्या घ्यायला येतो, आणि दार वाजलं तेव्हा मला वाटलं तोच. मी बाटल्या हातात घेऊनच दार उघडलं. तो म्हणाला, "अक्का, ओरडू नको." त्याला जाऊन तेव्हा तीन वर्षं होत आली होती. नोव्हेंबर होता. हे दुसऱ्या पंपावर बदली कामाला गेले होते. दोन दिवस राहिला, तिसऱ्या दिवशी सकाळी गेला. कुठे राहतो ते सांगितलं नाही. हाताला घट्टे होते, दाढी नव्हती, बाकी आपला धाकटाच.

मी त्याला नको नको ते बोलले. विचारलं, कुणी काही म्हटलं का तुला? नानाशी भांडलास? तिच्याशी? तो म्हणाला, "कुणाशी काही नाही. त्या दिवशी वखारीच्या थांब्यावर उतरलो नाही, एवढंच. पुढच्या थांब्यावर उतरून परत यायचं होतं. संध्याकाळी वाटलं, उद्या जाऊ, सांगू काहीतरी. एका दिवसाचं कारण सांगता येतं, अक्का. आठवड्याचं काय सांगू? महिन्याचं काय सांगू? जेवढा उशीर होत गेला तेवढं तोंड दाखवणं अवघड होत गेलं."

माझा हात उचलून त्याने स्वतःच्या डोक्यावर ठेवला. म्हणाला, "कुणाला सांगितलंस तर मी मेलो असं समज." आता तू मला तेच लिहून द्यायला सांगतोस.

तो गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तुला लिहायला बसले होते. देवाशपथ. मग म्हटलं, तो पुन्हा येईल, तेव्हा समजावून घेऊनच जाऊ. तो आला नाही. मग तुला काय सांगू, की महिनाभर गप्प बसले? वर्षभर? माझंही त्याच्यासारखंच झालं, रे. मीसुद्धा थांब्यावर उतरले नाही.

आणि एक. आईला मी सांगितलं. तिच्या आजारपणात तुझ्याकडे आले होते तेव्हा, एका दुपारी, तुम्ही सगळे कामावर असताना, तिच्या कानात. तिने माझा हात दाबला आणि म्हणाली, "येणार नाही म्हणतो?" मी हो म्हटलं. ती विसरली नव्हती, नाना. तिला कळलं होतं. म्हणून ती धाकटीला जा म्हणत होती.

कागद वापरायचा की नाही ते तू ठरव. मी थोरली असून तुझ्यावर टाकते आहे, हे कळतंय मला.

अक्का


४ एप्रिल

अक्का,

तुझं पत्र आल्यापासून माझ्या हातून दोन काचा फुटल्या. वीस वर्षांत दोन फुटल्या नव्हत्या. मालक म्हणाले, "नाना, घरी जा, नाहीतर तुम्हालाच चष्मा लावावा लागेल."

आईला सांगितलंस आणि मला नाही. हे एवढंच लिहून पत्र संपवणार होतो. चार दिवस एवढ्याच ओळीचा कागद पडून होता.

आईची जीभ कडू झाली होती असं मी तीन वर्षं धरून चाललो. ती विसरून सुटली असं धरून चाललो. त्यावर मी माझ्या मनाची समजूत बेतली होती, देवाचे आभारही मानले होते. आता ते सगळे दिवस मला परत काढून नव्याने लावावे लागताहेत. आई डोळे मिटून पडलेली असायची तेव्हा झोपलेली नव्हती. आणि मी शेजारी बसून तिच्यासाठी विस्मरण मागत होतो.

तो कागद मी देवाच्या तसबिरीमागे ठेवला. मला खोटी शपथ घेता येत नाही हे तुला ठाऊक आहे. लपवताही येत नाही. रविवारी दुपारी आमची ही शेजारी गेली होती आणि धाकटी इस्त्री करत होती. मी पत्र आणि कागद दोन्ही तिच्यापुढे ठेवले. तिने उभ्यानेच वाचलं. इस्त्री उभी करून ठेवली, बटण बंद केलं. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "त्या गुरुवारी मी काय करत होते, दादा?"

मी म्हटलं, "दवाखान्यात असशील."

"ते झालंच. पण काय करत होते?"

आम्ही दोघं आठवायला बसलो. तो गेला तो महिना तिलाही माझ्यासारखाच पाठ आहे, डब्यात काय दिलं होतं तेसुद्धा. पण तिसरं वर्ष? त्या वर्षी काय झालं? कुणी आजारी होतं का? खोलीला रंग दिला का? एक गोष्ट हाताला लागेना. अख्खं वर्ष, अक्का. एकावर एक ठेवलेल्या काचांसारखी ती वर्षं, आरपार दिसतं आणि मोजता येत नाही. ती म्हणाली, "म्हणजे तो तिथे बसून जेवत होता, आणि मी इथे काही करतच नव्हते."

मग म्हणाली, "खरं सांगू, मला सात वर्षं जड गेली नाहीत. मला वाटायचं त्याला येता येत नाहीये. येता न येणाऱ्या माणसाची वाट बघायला काही लागत नाही, ती आपोआप बघितली जाते. आता तुम्ही म्हणताय, त्याला येता येत होतं. आता मी एक दिवस तरी कसा काढू?"

मी तुझ्या पत्राची घडी घालायला लागलो. ती म्हणाली, "तुम्ही मला सांगायला नको होतं. कागद देऊन टाकायचा होता. मी अजाणता शपथ घेतली असती, आणि माझ्यापुरती ती खरी असती. तुम्ही तुमचं ओझं उतरवलंत, दादा." हे ती चिडून नाही म्हणाली. मग तिने इस्त्री पुन्हा चालू केली.

ती मला "तरी घ्या शपथ" म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी घेतली असती का, मला माहीत नाही. तिने विचारलं नाही हे बरं झालं की वाईट, तेही कळत नाही.

वकिलांकडे जाऊन आलो. ते म्हणाले, शेवटची खबर लागली त्या दिवसापासून सात वर्षं मोजायची. तू लिहितेस तो नोव्हेंबर तिसऱ्या वर्षातला धरला तर अजून अडीच वर्षं आहेत. कंपाउंडरला मी स्वतः जाऊन सांगितलं. तो बाटल्यांवर लेबलं चिकटवत होता. म्हणाला, "अडीच ना? थांबतो. तारीख पक्की असली की माणूस थांबतो."

तेव्हा आता तारीख दे. नोव्हेंबरातला कोणता गुरुवार, आणि साल नक्की कोणतं. नीट आठव. धाकटीचाही एक प्रश्न आहे, तिच्याच शब्दांत लिहितो: "माझं काही विचारलं होतं का?"

नाना


१४ एप्रिल

नाना,

पत्र आल्यापासून दुसरं काही केलं नाही. स्वयंपाकघरात उभी राहते, दाराकडे बघते आणि तो गुरुवार परत आणते. जितका आणते तितका तो हलतो.

एक सांगते. तो आत आला आणि ओट्यावर हात फिरवून म्हणाला, "नवा केलास?" हे मला लख्ख आठवतं. यांना विचारलं, ओटा कधी बसवला. हे म्हणाले, मोठे साहेब निवृत्त झाले त्या वर्षी. म्हणजे धाकटा गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी. तसं धरलं तर धाकटीला दीडच वर्ष थांबायचं. मला इतका आनंद झाला की लगेच लिहायला बसले.

मग आठवलं की त्याने दूध प्यायलं ते माझ्या नातवाच्या कपातून, दोन कानांच्या. म्हणाला, "हा कुणाचा?" नातू जन्मला तो ओट्याच्या पुढच्या वर्षी. म्हणजे तिसरंच वर्ष, मी आधी लिहिलं ते. पण मग वर्षभर जुन्या ओट्याला तो नवा का म्हणेल? की "नवा केलास" हे पाणी तपासणारा माणूस म्हणाला होता?

आणि त्याने आईचं विचारलं. मी म्हटलं, "पडली आहे, अंथरुणात आहे." तो मान खाली घालून बसला. आई कधी पडली ते तुला माहीत. ते जर चौथं वर्ष असेल तर साडेतीन वर्षं होतात. पण नाना, हे मी त्याला खरंच सांगितलं का? तो गेल्यावर मी मनात त्याच्याशी इतकं बोलले आहे, भांडी घासताना, गादी घालताना, आई पडली तेव्हा, गेली तेव्हा, सगळं त्याला सांगितलंय. त्यातलं तोंडाने काय बोलले आणि मनाने काय, आता वेगळं निघत नाही. कुणाला एकदा सांगितलं असतं तर त्याने तरी धरून ठेवलं असतं. एकटीने धरलेलं झिजतं, रे.

धाकटीच्या प्रश्नाचं. हो लिहावंसं वाटतं. त्याने विचारलं, ती कशी आहे, असं लिहिलं तर मला झोप लागेल. आणि मला वाटतंही, की विचारलं होतं. पण मला वाटावंसं वाटतं म्हणून वाटतंय का, हे मला सांगता येत नाही.

एक कर. तीनपैकी तुम्हाला कोणतं वर्ष हवं ते कळव. मी तेच आठवीन. खोटं नाही होणार ते, तिन्ही माझ्या डोळ्यांपुढे आहेत.

अक्का


२ मे

अक्का,

नमस्कार. तुझं पत्र घेऊन मी वकिलांकडे गेलो. तिन्ही वर्षं वाचून दाखवली. वकील हसले नाहीत, त्यांचे उपकार. त्यांच्या कारकुनाने तुझं पत्र परत माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "काका, कोर्टात एकच तारीख चालते. आठवली की या."

आई पडली ती चौथ्या वर्षी, सप्टेंबरात. दवाखान्याचा केसपेपर घरात आहे, धाकटीच्याच अक्षरातला. मी तो काढला नसता तर कुणाला कळलं नसतं. काढला. धाकटीला दाखवलाही. तुझी थोरली भावजय त्या वेळी चहा गाळत होती, ती म्हणाली, "तुमचा खरेपणा काय चाटायचाय आम्ही? पोरीचं वाटोळं होतंय आणि हे पुरावे काढताहेत." इतक्या वर्षांत ती मला असं कधी बोलली नव्हती.

धाकटीने तुझं पत्र दोनदा वाचलं. तिच्या प्रश्नापाशी आली तेव्हा थोडी थांबली, पुढे गेली. मग हसली. खरंच हसली, अक्का, तोंडावर हात न धरता. म्हणाली, "दीड, अडीच, साडेतीन. अक्कांना म्हणावं, राहू द्या."

दुसऱ्या दिवशी तिने दवाखान्यात राजीनामा दिला. नोंद नसली तरी येते, असं कंपाउंडरला तिनेच सांगितलं. तो संध्याकाळी घरी आला, चष्मा काढून पुसत बसला. मी म्हटलं, "नोंदीशिवाय सरकारी खोली मिळणार नाही." तो म्हणाला, "बाहेर बघतो एखादी." मी म्हटलं, "लोक विचारतील." तो म्हणाला, "विचारतील." त्या दोघांना मी काय म्हणून अडवणार? आणि काय म्हणून आशीर्वाद देणार? मी उठून त्याच्यासाठी पाणी आणलं.

परवा, तीस तारखेला, ते गेले. ट्रंक मी उचलली. तुझी भावजय दारापर्यंत आली आणि आत गेली. समोरच्या घरातल्या दोघी कपडे वाळत घालत होत्या, त्यांनी एकच चादर तीनदा झटकली. बसजवळ मी धाकटीला म्हटलं, "तिथे कुणी विचारलं, किती वर्षं झाली लग्नाला, तर काय सांगशील?" ती म्हणाली, "तिथे मला कुणी ओळखत नाही, दादा. मी तिथे आजच आलेली असेन." तिने मला वाकून नमस्कार केला. कंपाउंडरने पण केला. बस हलल्यावर मला वाटलं, तुझी सही केलेला कागद घरी तसबिरीमागेच आहे. तो वापरला असता तर या दोघांना सरकारी खोली मिळाली असती, त्या दोघींची चादर एकदाच झटकून झाली असती, आणि कायद्याने मेलेला धाकटा जिथे असेल तिथे होता तसाच राहिला असता. माझ्या खरं बोलण्याने यातल्या कुणाचं काय भलं झालं, ते मी शोधतोय. मला सापडलं नाही. तरी आज पुन्हा वेळ आली तर मी सही करू शकेन असंही वाटत नाही. याला निष्ठा म्हणावं की नुसती सवय, मला माहीत नाही.

सकाळी देवापुढे बसतो. सात वर्षं एकच मागणं होतं, त्याला आण. आता तसं मागायला गेलो तर तो आल्यावर त्याला काय सांगायचं हे आठवतं आणि मागणं अर्ध्यात राहतं. आणू नको असं तर म्हणवत नाही. मग नुसता बसतो. दुकानाची वेळ झाली की उठतो.

अक्का, तुझ्यावर राग होता तो आता नाही. राग धरायला एक ठरलेला दिवस लागतो, तो तुझ्याकडेही नाही. एकच मागणं आहे. तो गुरुवार आता आठवू नकोस. कुणी विचारलं तरी नको, मी विचारलं तरी नको. तू आठवायला बसलीस की त्यात काहीतरी घालतेस आणि काहीतरी काढतेस, आणि हे तुझ्या हातात नाही. तो दारात उभा राहिला आणि ओरडू नको म्हणाला, एवढं तरी जसंच्या तसं असू दे. त्याच्याबद्दल माझ्याकडे आता तेवढंच आहे, आणि तेही तुझ्याकडे ठेवलेलं आहे.

नाना